रात्री उतरलेलं वजन

"मामा, हलू नका. श्वाससुद्धा सोडू नका," मी म्हटलं.

श्रावणमामा खरोखरच श्वास धरून उभे राहिले. मी ड्रायरचं दार उघडलं, पाच नंबरचा ट्रे दोन्ही हातांनी बाहेर ओढला आणि तराजूवर ठेवला. लाल आकडे वर-खाली नाचून थांबले. तेराशे बावन्न. आदल्या संध्याकाळी पाच वाजता याच ट्रेतल्या मिरच्यांचं वजन चौदाशे चाळीस ग्रॅम होतं. मी ट्रे उचलला, तराजू तपासला, ट्रे परत ठेवला. तेराशे बावन्न.

म्हणजे एका रात्रीत अठ्ठ्याऐंशी ग्रॅम. मला हवे होते पन्नास. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तशी गत. विभागाच्या मागच्या त्या मोकळ्या जागेत, सकाळी नऊ वाजता, सव्वीस वर्षांची मी घोडी मातीतच बसले आणि एकटीच हसत सुटले.

"उतरलं का ताई?" मामांनी विचारलं.

"उतरलं, मामा."

"बेस झालं," ते म्हणाले आणि झाडांना पाणी द्यायला गेले.

या गोष्टीला आता वीस वर्षं झाली. मी तेव्हा वऱ्हाडातल्या एका विद्यापीठात ऊर्जा अभियांत्रिकीत एम.टेक. करत होते. ऊर्जा अभियांत्रिकी म्हणजे नेमकं काय, हे आमच्या गावात मी कोणालाच समजावू शकले नाही. बाबा ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याची मोटार चालवायचे. त्यांनी आपल्यापुरता अर्थ लावून घेतला होता. "पोरगी सूर्याची इंजिनेर होऊन राह्यली," असं ते सगळ्यांना सांगत.

सूर्याच्या या इंजिनियरनं काय बनवलं होतं, तर एक लाकडी पेटी. वर काच, आत एकाखाली एक दहा ट्रे, प्रत्येकात दोन किलो ओली लाल मिरची, आणि सगळ्यात खाली नदीतून आणलेले काळे दगड. बाकीचे ड्रायर दिवसा मिरची वाळवतात आणि सूर्य मावळला की झोपतात. माझे दगड दिवसभर ऊन पिऊन ठेवणार होते आणि रात्रभर ती ऊब मिरचीला देणार होते. उघड्यावर सात दिवस लागतात तिथं माझ्या पेटीत तीन. माझ्या प्रबंधात नवं म्हणावं असं एवढंच होतं. कागदावर ते दगड फार गुणी होते. प्रत्यक्षात संध्याकाळी सात वाजता हात लावला तर थंडगार लागायचे.

दर वेळी दहाच्या दहा ट्रे बाहेर काढले तर आतली गरम हवा निघून जाते. म्हणून एकच ट्रे नमुना म्हणून धरायचा, दिवसा दर दोन तासांनी त्याचं वजन करायचं आणि त्यावरून सगळ्या पेटीचं गणित मांडायचं, अशी पद्धत. दोन किलो मिरचीत दीड किलो पाणी असतं. वजन पाचशे पंचावन्नवर आलं की मिरची वाळली. शेवटी थोडी मिरची ओव्हनमध्ये ठेवून पक्की तपासणीही करायची असते, पण आमच्या ओव्हनचं कॉइल जळून सहा महिने झाले होते आणि नवं कॉइल मागवल्याचा कागद कुठल्यातरी टेबलावर विश्रांती घेत होता. म्हणजे सगळी भिस्त पाच नंबरच्या ट्रेवर.

आदल्या वर्षी मी याच पेटीवर तोंडावर पडले होते. दगडांवर विश्वास ठेवून चौथ्या दिवशी मिरच्या पोत्यात भरल्या आणि परीक्षक यायच्या दिवशी पोतं उघडलं तर आत पांढरी बुरशी. प्रबंध परत आला. त्याच संध्याकाळी बाबांचा हॉस्टेलवर फोन आला. त्यांनी विचारलं, "झालं नं पोरी?" आणि मी "हो" म्हटलं. का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, एवढं नक्की.

मग बाबांनी गावभर पेढे वाटले. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ऑइलपेंटनं माझं नाव लिहिलं, त्यापुढे एम.टेक. ऊर्जा. खडूनं लिहिलं असतं तर पावसाळ्यात गेलं असतं, पण आमच्या बाबांना अर्धवट काम आवडत नाही. पुढचं वर्षभर मी घरी सांगत राहिले की विभागातच नोकरी लागली आहे, पगार थोडा आहे, सर्टिफिकेट विद्यापीठातून यायचं आहे. बाबा दर फोनला सर्टिफिकेटचं विचारत. त्याला लॅमिनेट करायचं त्यांनी ठरवलं होतं. एक खोटं झाकायला मी दुसरं बोलायची आणि दुसऱ्यासाठी तिसरं.

त्यामुळे तो मार्च माझा शेवटचा होता. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती. एकतीस तारखेला नोंदणी संपत होती आणि तिसरी मुदतवाढ नियमातच नव्हती. मी पास झाले तर वर्षभराचं सगळं खोटं आपोआप खरं होणार होतं. नाही झाले तर गावात तोंड दाखवायला जागा नव्हती.

फेब्रुवारीत दोन खेपा वाळवून पाहिल्या. रात्रीत वजन उतरायचं दहा ग्रॅम, बारा ग्रॅम. माझे मार्गदर्शक डॉ. राजगुरे सर तसे भले माणूस, पण त्यांची जीभ तिखट होती. एका दुपारी ते ड्रायरजवळ आले, माझी वही पाहिली आणि म्हणाले, "रात्रीत पन्नास ग्रॅम तरी उतरायला हवेत. नाहीतर या दगडांचं लोणचं घाल आणि घरी जा."

सर गेल्यावर मी नळाजवळ जाऊन रडले. श्रावणमामा तिथंच झाडत होते. ते आमच्या विभागाचे शिपाई, माळी आणि चौकीदार, सगळं एकटेच. एकोणीस वर्षं रोजंदारीवर. त्या वर्षी कुठं त्यांचं नाव कायम करायच्या यादीत आलं होतं. त्यांनी नळ बंद केला, मला पाणी आणून दिलं आणि इतकं रडायला झालं काय ते विचारलं. भिंतीला सांगावं तसं मी त्यांना दगडांचं सगळं पुराण सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि झाडू उचलला. त्यांना फार काही कळलं असेल असं मला वाटलं नाही.

आणि मार्चमध्ये तिसऱ्या खेपेला, शेवटच्या, माझे दगड एकदम कामाला लागले. पहिल्या रात्री अठ्ठ्याऐंशी. दुसऱ्या रात्री सत्त्याहत्तर. तिसऱ्या रात्री बेचाळीस. गुरुवारी सकाळी ट्रेचं वजन पाचशे अठ्ठेचाळीस भरलं. घोडं गंगेत न्हालं.

दगड याच वेळी का पावले, असा प्रश्न माझ्या मनात आला का? आला. मी त्याला उत्तरही दिलं. या खेपेला दगड धुऊन घेतले होते, धूळ गेली म्हणून ऊन चांगलं शोषलं, असा एक सबंध परिच्छेद मी प्रबंधात लिहिला. माणसाला जे हवं असतं त्याची कारणं त्याला फार लवकर सापडतात. राजगुरे सरांनी तो परिच्छेद दोनदा वाचला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरी, तू जिंकलीस." शनिवारी प्रबंध बांधून आला. सोमवारी अकरा वाजता तोंडी परीक्षा ठरली.

रविवारी दुपारी मी पाव किलो पेढे घेऊन श्रावणमामांच्या घरी गेले. निकालाआधी पेढे वाटायची आमच्या घराण्याची रीतच होती म्हणा. विद्यापीठाच्या मागच्या वस्तीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. विमलमामींनी चहा ठेवला. मी मामांना म्हटलं की तिन्ही दिवस तुम्ही सकाळी माझ्यासोबत उभे होतात, तुमचा पायगुण. मामा लाजले. मग उठून आतल्या खोलीत गेले आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले.

"हे घ्या ताई. तुमचा माल."

डब्यात वर्तमानपत्राच्या कागदावर वाळलेल्या लाल मिरच्या होत्या. मला वाटलं, मामींनी घरी वाळवलेल्या भेट देताहेत. मी म्हटलं, अहो कशाला.

"एक बी मिरची घरात वापरली नाई. इचारा हिले."

"मी म्हटलं होतं, दोन भाजीत टाकू द्या," मामी चहा गाळता गाळता म्हणाल्या. "हात लावू नाई देल्ला. म्हने, विद्यापीठाचा माल हाये."

"कोणत्या मिरच्या, मामा?"

"पाच नंबरातल्या," ते म्हणाले.

मला आधी काहीच कळलं नाही. मग एकदम सगळं कळलं. मी हातातली बशी खाली ठेवली. मामा सांगत होते आणि त्यांच्या बोलण्यात चोरीची जराही भावना नव्हती. ते सहा वाजता झाडांना पाणी घालायला येत. किल्ली त्यांच्याकडेच असे. मी नऊला यायच्या आधी ते पाच नंबरच्या ट्रेमधून मिरच्या काढून घेत, मधून मधून, खड्डा दिसू नये अशा बेतानं. पहिल्या दोन दिवशी दोन-दोन मुठी, तिसऱ्या दिवशी एक. घरी आणून छपरावर वाळवत. मी जिंकले की परत द्यायच्या म्हणून जपून ठेवल्या होत्या.

"पन्नास गिराम उतरलं पायजे, नाई उतरलं तर घरी जावं लागते, असं सांगलं होतं नं तुमी," ते म्हणाले. "मी म्हटलं, एवढुशा वजनासाठी मानसानं रडावं काय?"

त्या क्षणी मला त्या माणसाची गचांडी धरावीशी वाटली. आणि लगेच दुसऱ्या क्षणाला त्याच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. दोन्हीपैकी काहीच मी केलं नाही. चहा प्यायले, डबा पिशवीत घातला आणि निघाले. दारातून मामा म्हणाले, "उद्या पास झाल्या का पयले मले सांगजा."

तशीच मी विभागात गेले. डब्यातल्या मिरच्या तराजूवर टाकल्या. शहाण्णव ग्रॅम. मागच्या पानावरून गणित परत मांडलं. मामांनी काढलेल्या मिरच्या हिशेबात धरल्या तर दगडांनी रात्रीत उतरवलेलं वजन होतं बारा, दहा आणि आठ ग्रॅम. म्हणजे फेब्रुवारीतलंच. दगड तेव्हाही थंड होते आणि आताही थंडच होते. आणि ट्रेमध्ये राहिलेली मिरची वाळलेलीच नव्हती. शंभर ग्रॅममागे दहा ग्रॅम पाणी असायला हवं तिथं चोवीस होतं.

गणितावर विश्वास बसेना म्हणून कोठीत जाऊन पोतं सोडलं. मूठभर मिरच्या उचलून कानाजवळ हलवल्या. वाळलेली मिरची आत बियांचा खुळखुळ आवाज करते. माझी आई कधी तराजू वापरत नाही, कानानं मिरची पारखते. या मुक्याच होत्या. एक मोडायला गेले तर ती मोडली नाही, वाकली. गुरुवारी मी स्वतःच्या हातांनी या मिरच्या पोत्यात भरल्या होत्या आणि मला तेव्हा हे जाणवलं नव्हतं. पाच नंबरच्या आकड्यांनी मी आंधळी झाले होते.

कोठीतल्या पोत्यावर बसून मी तासभर विचार केला. विचार कसला, वकिली. मी काही काढलं नव्हतं. मला माहीत नव्हतं. वजनं तराजूनं दाखवलेलीच मी लिहिली होती. ओव्हन बंद होता, तपासणार कोण? प्रबंध कपाटात जाईल आणि तिथंच धूळ खाईल, आजवर आमच्या विभागातल्या कुठल्या प्रबंधानं कोणाची मिरची वाळवली आहे? खरं सांगितलं तर पहिला प्रश्न येईल, कोणी काढल्या? मग मामांचं नाव यादीतून जाईल, एकोणीस वर्षांनी. म्हणजे गप्प बसणं हे मामांच्याही भल्याचंच होतं. इतकी सोयीची दया मला आयुष्यात परत कधी आली नाही.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. सरपंचांनी गुढीपाडव्याला माझा सत्कार ठरवला होता. शाल, नारळ आणि सूर्यावर दहा मिनिटं भाषण. बाबा म्हणाले, "सर्टिफिकेट घेऊनच येजो." मी म्हटलं, आणते. फोन ठेवला तेव्हा माझं ठरलेलं होतं. गप्प बसायचं. मी शांत झोपले, हेही सांगून टाकते.

सोमवारी अकरा वाजता खोलीत राजगुरे सर होते आणि बाहेरून आलेल्या परीक्षक, डॉ. नाफडे मॅडम. पन्नाशीच्या, खादीची साडी, पायात साध्या चपला. मी घोकलेलं सगळं घडाघडा बोलले. दगडांच्या धुण्याचा परिच्छेदसुद्धा. मॅडम अधूनमधून हसत होत्या. सर खुर्चीत रेलून बसले होते, मुलीचं लग्न पार पडताना बाप बसतो तसे.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आता एक कामाची गोष्ट. आमची संस्था पुढच्या महिन्यात चाळीस बचत गटांना मिरचीचे ड्रायर देणार आहे. राजगुरे सरांनी मला तुझं रेखाचित्र पाठवलं होतं. मला ते आवडलंय. दगडांसकट आम्ही हेच बनवून घेतोय."

सर माझ्याकडे पाहून हसले. हे त्यांनी माझ्यापासून लपवून ठेवलं होतं, आनंदाची बातमी म्हणून.

"प्रत्येक पेटीवर एक कार्ड लावायचं आहे," मॅडम पुढे म्हणाल्या. "बायकांना वाचता येईल असं, मोठ्या अक्षरात. मला तुझ्याकडून फक्त एक आकडा हवाय. मिरची कितव्या दिवशी पोत्यात भरायची? तिसऱ्या दिवसानंतर, असं लिहू ना?"

त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं. पण हो आलं नाही. मला काही थोर विचार सुचला असं कोणी समजू नये. माझ्या डोळ्यांपुढे फक्त माझं गेल्या वर्षीचं पोतं होतं. ते विभागाचं होतं, वीस किलो ओल्या मिरचीचं, उकिरड्यावर टाकून दिलं आणि विषय संपला. चाळीस गटांची पोती मला मोजता येत होती. मी इंजिनियर होते ना. त्या बायका कानाशी मिरची हलवून पाहतील, त्यांना शंका येईल, आणि मग त्या कार्ड वाचतील. कार्डावर शिकलेल्या पोरीनं लिहिलेलं असेल.

"पाच दिवस," मी म्हटलं. "बहुतेक सहा."

सर सरळ बसले. "प्रणिता, प्रबंधात तीन लिहिलंय."

"चूक लिहिलंय सर."

"घाबरू नकोस. पाणी पी."

"सर, नमुन्याच्या ट्रेमधून मिरच्या काढल्या होत्या. रोज सकाळी, वजन करायच्या आधी. दगडांनी काहीच उतरवलं नाही. पोत्यात पाहा, मिरची अजून ओली आहे."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. सरांचा चेहरा मला अजून आठवतो. ते माझ्यावर चिडले नव्हते, ते कोणीतरी दुसरा सापडतो का ते शोधत होते.

"किल्ली श्रावणकडे असते," ते म्हणाले. "श्रावणनं काढल्या? बोलावतो मी त्याला आत्ता."

"त्यांना काही माहीत नाही सर. किल्ली मी मागून घेत होते." मी म्हटलं. "मिरच्या मी काढल्या."

वर्षभर मी खोटं बोलत होते, त्यामुळे हे एक बोलायला फारसं जड गेलं नाही.

सर उठून खिडकीशी गेले. पाठमोरेच म्हणाले, "तुझ्यासाठी मी दोनदा मुदतवाढ मागितली होती. लोकांनी मला हसून घेतलं होतं." त्यापुढे ते माझ्याशी बोलले नाहीत. मॅडमनी मला विचारलं, "आत्तापर्यंत लपवलंस, मग आज का सांगितलंस?" मी म्हटलं, "तुम्ही कार्डावर छापायचं म्हणालात म्हणून." त्यांनी मान हलवली, चांगलं की वाईट ते मला समजलं नाही. मग एक कोरा कागद पुढे सरकवला. मी लेखी लिहून दिलं की प्रयोगातल्या वजनांत मी स्वतः फेरफार केला. खाली सही केली, तारीख घातली. नापास झालेल्याला निदान नापास म्हणतात. माझ्या फायलीवर त्या दिवशी लबाड असं लागलं आणि नोंदणी रद्द झाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं तेव्हा माझ्या मैत्रिणी म्हणाल्या, आणि त्यांना तरी मी पूर्ण गोष्ट कुठं सांगितली होती.

बाहेर आले आणि पहिल्यांदा नाणं टाकायच्या फोनच्या डब्याकडे गेले. आता थांबले तर परत खोटं बोलेन, अशी भीती मला वाटत होती. ग्रामपंचायतीत फोन लावला. तिथल्या माणसानं बाबांना बोलावून आणलं. मी सगळं सांगितलं. गेल्या वर्षी पास झालेच नव्हते, नोकरी नव्हती, आणि आज कायमचं संपलं. मिरच्या कोणी काढल्या ते तेवढं सांगितलं नाही, त्यांनाही मीच काढल्या असं म्हटलं. मला वाटलं, ते ओरडतील. ओरडावं अशी फार इच्छा होती माझी. मागून मोटारीची घरघर ऐकू येत होती.

"टाकी भरत आली," बाबा म्हणाले. "मोटार बंद करा लागते." आणि त्यांनी फोन ठेवला. दिवाळीपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. फळ्यावरचं ऑइलपेंट त्यांनी स्वतः रॉकेलनं घासून काढलं, असं आईनं नंतर सांगितलं.

मी सायकल स्टँडकडे निघाले. पाय आपोआप चालत होते. डोक्यात एकच विचार, की आता या फाटकातून बाहेर पडल्यावर डावीकडे जायचं की उजवीकडे, हेसुद्धा आपल्याला माहीत नाही. स्टँडच्या पलीकडे श्रावणमामा पाण्याची बादली घेऊन उभे होते. मला पाहून त्यांनी बादली खाली ठेवली, हात पुसले आणि हसत पुढे आले. माझा चेहरा पाहिला तसं ते हसू विरलं.

"झालं नाई?"

"नाही झालं, मामा."

मी सायकलचं कुलूप काढत होते, ते निघत नव्हतं. मी ठरवलं होतं की यांना काही कळू द्यायचं नाही. सर विचारतील तर किल्ली ताईंनी मागून नेली होती एवढंच सांगा, म्हणून बजावायचं आणि जायचं. तेवढं मी सांगितलं. त्यांनी "हो" म्हटलं, पण त्यांचं लक्ष माझ्या बोलण्यात नव्हतं. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, माझ्या जवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले,

"माह्यामुळंच गेलं तुमचं. तिसऱ्या दिवशी मले भेव लागलं ताई. कोनी पायते का काय असं वाटलं. म्हनून एकच मूठ काढली मी."

त्यांचे डोळे भरून आले होते. वीस वर्षं झाली, पण त्या दिवशी जे जे गेलं त्यातलं मला सगळ्यात जास्त हेच आठवतं, की हा माणूस माझी माफी मागत होता.

"नाही मामा," मी म्हटलं. "बरोबर काढल्या होत्या तुम्ही. दगडच खराब निघाले."

त्यांना ते पटलं नाही. मी सायकल ढकलत फाटकापर्यंत गेले, तरी ते बादली तिथंच टाकून माझ्यामागे येत होते आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, दोन काढाले पायजे होत्या, दोन काढाले पायजे होत्या.